इंजिन सगळ्यात शेवटी: घरच्या गो-कार्टच्या नोंदी

शनिवार, ४ जानेवारी

आज एकही पाइप कापला नाही. जमिनीवर खडूने पूर्ण मापाची कार्ट काढली आणि भाचीला तिच्यात बसवलं. मग मी बसलो. कागदावर पायांसाठी सोडलेली जागा तिला बरोबर झाली, माझे गुडघे मात्र स्टिअरिंगच्या जागी ठेवलेल्या काठीला भिडले. दोन आठवडे कागदावर रेघोट्या मारून जे कळलं नव्हतं ते दोन मिनिटांत कळलं. पेडल पुढे-मागे सरकवता यावेत म्हणून भोकांच्या दोन रांगा ठेवायच्या ठरवल्या.

मापं अशी: पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत १०५० मिमी, मागच्या चाकांची रुंदी मध्यापासून मध्यापर्यंत ९२० मिमी, पुढच्यांची ८६०. शर्यतीच्या कार्टमध्ये रुंदी या लांबीच्या किमान दोन-तृतीयांश असावी लागते, म्हणजे ७०० मिमी. आपण त्याहून बरेच रुंद आहोत. अरुंद कार्ट उलटते, रुंद कार्ट फार तर दारातून जात नाही.

चौकट २५ मिमीच्या चौकोनी पाइपची, जाडी २ मिमी. मीटरला साधारण १.४५ किलो पडतात. साडेदहा मीटर लागतील, म्हणजे चौकट १५ किलोंच्या आसपास. इंजिनही तेवढंच. सगळ्यात जड भाग चालवणारा माणूस, आणि तो कुठे बसतो यावर गाडीचा स्वभाव ठरतो.

भाचीशी एक करार केला: इंजिन सगळ्यात शेवटी. ढकललेली कार्ट नीट वळली आणि खुणेवर थांबली, तरच इंजिन चढणार. "म्हणजे ही ढकलगाडीच राहणार," असं म्हणून तिने सही केली.

रविवार, ५ जानेवारी

मागच्या आसाचा विषय आज संपवला.

सोपा मार्ग म्हणजे एकच मागचं चाक चेनने फिरवायचं आणि दुसरं बेअरिंगवर मोकळं सोडायचं. वळताना त्रास नाही, लेथचं कामही कमी. पण मग ब्रेकही एकाच चाकाला लागतो आणि जोरात दाबला की गाडी त्या बाजूला ओढली जाते. म्हणून अखंड फिरता आस घेतला: २५ मिमीचा, दोन्ही चाकं त्यालाच घट्ट. एक ब्रेक, पण दोन्ही चाकांना.

याची किंमत वळणावर मोजावी लागते. दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार, पण काटकोनात वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जवळजवळ १.४५ मीटर जास्त चालावं लागतं. वळण मोठं असो की छोटं, फरक तेवढाच राहतो, कारण तो फक्त दोन चाकांमधल्या अंतरावर ठरतो. मोटारीत हे डिफरन्शिअल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चाकांची पेटी, सांभाळतं. कार्टमध्ये ते नसतं, म्हणून आतलं मागचं चाक घसरलं तरी पाहिजे किंवा उचललं तरी पाहिजे. उचलायचं कसं, ते पुढच्या चाकांच्या हातात आहे. त्यावर १८ तारखेला बसू.

शनिवार, ११ जानेवारी

पाइप कापले, कानशीने कडा मारल्या, जुळवले. एक तुकडा गॅल्वनाइज्ड निघाला, तो बाजूला काढला. जस्ताचा लेप असलेल्या पाइपवर वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. एका तुकड्यासाठी ती हौस नको.

वेल्डिंगचे रॉड ६०१३ चे, २.५ मिमी. आधी ९० अँपिअरवर लावून पाहिलं तर टाकाऊ तुकड्याला भोक पडलं. ७० वर आणल्यावर ठीक. फक्त टॅक, म्हणजे तात्पुरते छोटे टाके, मारले. दोन्ही कर्ण मोजले: फरक १ मिमी. समाधान.

रविवार, १२ जानेवारी

समाधान कालपुरतंच होतं. पूर्ण वेल्डिंग केल्यावर कर्णांत ६ मिमीचा फरक. चूक सरळ आहे: एका कोपऱ्यापासून सुरुवात करून ओळीने भरत गेलो. थंड होताना प्रत्येक सांधा आपल्याकडे ओढतो, आणि ओळीने मारलं की सगळे एकाच बाजूला ओढतात. समोरासमोरचे कोपरे आलटून-पालटून घ्यायला हवे होते. हे मला माहीत होतं, हीच चीड जास्त.

दोन सांधे ग्राइंडरने कापले, लांब कर्णावर पट्ट्याचा क्लॅम्प लावून आवळलं, परत भरलं. आता फरक २ मिमी. एवढा चालेल.

शनिवार, १८ जानेवारी

आजचा दिवस दोरीचा.

वळताना आतलं पुढचं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं, कारण ते लहान वर्तुळावर चालतं. दोन्ही सारखीच वळली तर एक सतत फरफटतं. यावरचा उपाय घोडागाडीच्या काळातला. कल्पना म्युनिकच्या जॉर्ज लँकनस्पर्गर या गाड्या बनवणाऱ्याची, पण १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं त्याच्या प्रतिनिधीने, रुडॉल्फ अकरमनने, आणि नाव त्याचंच चिकटलं. आजही सगळे 'अकरमन' म्हणतात. लँकनस्पर्गरला कोणी विचारत नाही.

करायचं एवढंच: मागच्या आसाच्या बरोबर मध्यावर खिळा, तिथून दोन दोऱ्या दोन्ही किंगपिनपर्यंत (पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं ती) ताणून बांधायच्या. चाकाला वळवणारा हात किंगपिनपासून मागे, त्या दोरीच्या रेषेवर वेल्ड करायचा. भाचीने दोरी धरली, मी टॅक मारला, दोरी जळली. दुसऱ्यांदा पातळ तार घेतली.

दुसरं काम किंगपिनच्या तिरपेपणाचं. वरचं टोक मागे झुकलेलं, १२ अंश. त्यामुळे चाक वळवलं की आतल्या बाजूचं पुढचं चाक चौकटीच्या मानाने खाली उतरतं आणि तो कोपरा उचलतो. चौकट ताठ असल्याने तो भार तिरका जातो आणि आतलं मागचं चाक हलकं होतं. ५ तारखेच्या त्रासावरचा उतारा हाच. म्हणून शर्यतीच्या कार्टला स्प्रिंगा नसतात. स्प्रिंग घातली तर ती हा सगळा उचल गिळून टाकेल.

रविवार, १९ जानेवारी

स्टिअरिंग जोडलं. भाची बसली, मी मागून ढकललं. ती म्हणाली "डावीकडे", चाक डावीकडे फिरवलं, आणि कार्ट थेट उजवीकडे भिंतीच्या दिशेने निघाली. मी हँडलासारखी सीट धरून थांबवली.

दोघंही जमिनीवर बसून टाय रॉडकडे, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांकडे, बघत राहिलो. दोष माझ्या हुशारीत होता. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला जी पट्टी असते, जिला दोन्ही टाय रॉड जोडतात, ती मी वरच्या दिशेला वेल्ड केली होती. खाली लोंबली तर जमिनीला घासेल, असा विचार. पण स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की दांड्याच्या वरची बाजू डावीकडे जाते आणि खालची उजवीकडे. माझे चाकांचे हात किंगपिनच्या मागे आहेत. ते उजवीकडे सरकले तर चाकांची तोंडं डावीकडे वळतील. म्हणजे पट्टीचं तोंड खालीच हवं. हात किंगपिनच्या पुढे असते तर वर चाललं असतं, पण मग अकरमनसाठी ते बाहेरच्या दिशेला झुकवावे लागले असते आणि चाकाच्या रिमला लागले असते.

पट्टी कापली, उलटी लावली, दांड्याचं खालचं बूश ३० मिमी वर घेतलं. जमिनीपासून अंतर पहिल्याइतकंच राहिलं. इंजिन असतं तर ही चूक मला भिंतीनेच सांगितली असती. भाचीला हे बोलून दाखवलं, तिने मान्य केलं नाही.

आतलं मागचं चाक हलकं होतं का, याची संध्याकाळी कागदाने परीक्षा: भाची सीटवर, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, डाव्या मागच्या चाकाखाली आधीच एक कागद ठेवलेला. सरळ चाकांना ओढला तेव्हा फाटला. पूर्ण वळवून ओढला तेव्हा अख्खा, जवळजवळ अलगद बाहेर आला. फाटलेला आणि अख्खा, दोन्ही कागद खिळ्याला लावून ठेवलेत.

शनिवार, २५ जानेवारी

आस, बेअरिंग, हब. लेथवाल्या काकांनी आसावर ८ मिमीचे कीवे (हब घसरू नये म्हणून चावी बसवायच्या खाचा) काढून दिले. बेअरिंग यूसीपी २०५, पायावर बसणारी. त्यांचं आतलं वळं थोडं झुकू शकतं, त्यामुळे चौकटीतलं माझं २ मिमीचं पाप त्यात खपून गेलं. आस बोटाने फिरवला की फिरत राहतो. काका जाताना म्हणाले, "ग्रब स्क्रूवर विश्वास ठेवू नका, दोन्ही बाजूंना कॉलर घाला." (ग्रब स्क्रू म्हणजे बेअरिंगला आसावर धरणारा बिनडोक्याचा बारका स्क्रू, कॉलर म्हणजे आसावर आवळायचं कडं.) घातली.

शनिवार, १ फेब्रुवारी

ब्रेक लागत नाही.

बँड ब्रेक आहे: आसावर ड्रम, त्याभोवती अस्तर लावलेला पोलादी पट्टा. पट्ट्याचं एक टोक चौकटीला पक्कं, दुसरं केबलने पेडलला. पेडल दाबला की पट्टा आवळतो. कार्ट ठोकळ्यावर उभी करून चाक हवेत फिरवलं तेव्हा मस्त थांबत होतं. आवारात खडूची आडवी रेघ मारली, मी धावत ढकललं, रेघेवर हात काढले आणि भाचीने पाय दाबला. कार्ट रेघेपुढे पावणेपाच मीटर जाऊन थांबली, तीही उपकार केल्यासारखी.

मग पुढचे तीन तास वाया. केबल आवळली: पावणेपाच. अस्तर कानशीने खरवडलं: साडेचार. ड्रमवर तेल असेल म्हणून पुसून काढलं: तेवढंच. पेडलचा दांडा लांब करून बघितला, थोडा फरक पडला, पण पेडल आता सीटपर्यंत यायला लागला. भाचीने सगळे आकडे भिंतीवर लिहिले आहेत, ते वाचून वाईट वाटतं.

एक गंमत मात्र तिला दिसली, मला नाही. आवार दाराकडे जरासं उतरतं आहे. कार्ट तिथे मागे घसरायला लागली तेव्हा तिने ब्रेक दाबला आणि कार्ट जागच्या जागी खिळली. "मामा, हा ब्रेक उलटा जाताना चांगला लागतो."

रविवार, २ फेब्रुवारी

तिचं वाक्य रात्रभर डोक्यात होतं. सकाळी चहाआधी ड्रमला हात लावून बसलो. पट्ट्यावर जरा ताण ठेवून ड्रम हळू पुढे फिरवला: पट्टा सैल व्हायला बघतो, केबल माझ्या बोटांतून परत ओढली जाते. मागे फिरवला: ड्रम पट्ट्याला स्वतःबरोबर ओढून नेतो आणि पट्टा आपला आपण आवळत जातो. म्हणजे पेडल पट्टा ज्या दिशेला ओढतो, ड्रम त्याच दिशेला फिरत असायला हवा. मी पट्टा उलटा लावला होता.

फरक किती? घर्षणाचा गुणांक ०.३ धरला आणि पट्टा ड्रमला २७० अंश वेढतो असं धरलं, तर पट्ट्याच्या दोन टोकांच्या ताणांचं गुणोत्तर ४.१ येतं. त्याच पायाच्या जोरात योग्य दिशेला ब्रेक उलट दिशेच्या चौपट लागतो. दोरखंडाचे दोन-तीन वेढे खुंटाला मारून माणूस होडी थोपवतो, ते याच हिशोबाने.

पक्कं टोक आणि केबलचं टोक यांची अदलाबदल केली. ब्रॅकेट नवा, बाकी सगळं तेच. कालचीच रेघ, तसंच धावत ढकलणं. कार्ट सव्वा मीटरवर थांबली, मागच्या दोन्ही चाकांनी काळे पट्टे ओढले, आणि मी ढकलण्याच्या भरात सीटवर आपटलो.

आता उताराला तोंड वर करून थांबली तर मागे घसरताना ब्रेक पाव ताकदीने लागणार, हे विसरायचं नाही. चाकामागे लाकडी पाचर ठेवायची. भाचीने भिंतीवर लिहिलं: "१.२५ मी. करार पूर्ण."

शनिवार, ८ फेब्रुवारी

इंजिन. जुन्या पाण्याच्या पंपाचं, १९६ सीसी, साडेसहा अश्वशक्ती, पाऊण इंची दांडा. हे काम मी सगळ्यात अवघड समजत होतो, प्रत्यक्षात चार बोल्ट आणि एक दुपार. भाचीने विचारलं की पंपाच्या इंजिनावर चालणाऱ्या गाडीला कार्ट म्हणतात का. म्हटलं, १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने पहिली कार्ट बनवली ती गवत कापायच्या यंत्राच्या इंजिनावर. आपण परंपरेत आहोत.

दांड्यावर १२ दात्यांचा सेंट्रिफ्यूगल क्लच (इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की आपोआप पकडणारा), आसावर ४८ दात्यांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), ३५ नंबरची चेन. दोन्ही स्प्रॉकेटवर सरळ पट्टी टेकवून रेष जुळवली. चेनला मधोमध १० मिमी ढील. इंजिनाखालची भोकं लांबट ठेवली, पुढे-मागे करायला.

ॲक्सिलरेटरला दोन स्प्रिंगा: एक तुटली तर दुसरीने गॅस बंद झाला पाहिजे. चेनवर पत्र्याचं कव्हर, सायलेन्सरवर जाळी, कारण चालवणाऱ्याचं कोपर तिथून वीतभर अंतरावर आहे. स्टिअरिंगवर बंद करायचं बटण. हे बटण इग्निशनची तार चौकटीला टेकवून इंजिन बंद करतं, म्हणजे तार तुटली तर बटण मेलं, इंजिन नाही. म्हणून दर वेळी निघण्याआधी एकदा बटणानेच बंद करून बघायचं.

गव्हर्नरला, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेला, हात लावलेला नाही, लावणारही नाही. तो मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर धरून ठेवतो. तो काढला की हीच इंजिनं कितीही पळतात, पण त्यांचं फ्लायव्हील आणि कनेक्टिंग रॉड तेवढ्यासाठी बनवलेले नसतात, आणि फुटलेलं फ्लायव्हील पाठीमागूनच येतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

चालली! हेल्मेट, बूट, हातमोजे. पट्टा नाही. वर पिंजरा नसलेल्या कार्टला सीट बेल्ट लावत नाहीत, उलटली तर माणूस खाली अडकतो.

भाचीने आवारात आठ फेऱ्या मारल्या. नवव्या फेरीला जळकट वास. बटण दाबून थांबवलं. क्लचचा बाहेरचा डबा निळा-जांभळा झालेला, थुंकी टाकली तर चर्र.

हिशोब आधी करायला हवा होता. मागच्या चाकाचा व्यास २७९ मिमी, म्हणजे एका फेरीत ०.८७७ मीटर. ४८ भागिले १२ म्हणजे चारास एक. ३६०० फेऱ्यांना ताशी ४७ किमी. ऐकायला छान. पण क्लच पकडायला लागतो २००० च्या आसपास, म्हणजे ताशी २६ किमीला. त्याच्या खाली तो घसरतच राहतो. आमच्या आवारात वळणावर वेग १५ च्या वर जात नाही. बिचारा क्लच पूर्ण वेळ स्वतःला घासत होता.

शनिवार, १५ फेब्रुवारी

स्प्रॉकेट किती मोठं घ्यावं यावर वाद. ७२ दात्यांचं घेतलं तर क्लच साडेसतरा किमीलाच पकडेल, कमाल वेग ३१-३२. क्लचच्या दृष्टीने उत्तम. पण ते आसावर बसणार आणि त्याचा व्यास २१८ मिमी. चेन धरून खालची कड जमिनीपासून जेमतेम २५ मिमी. एक बारका दगड आला की चेन गेली. ६० दात्यांचं १८२ मिमीचं, जमिनीपासून ४४ मिमी. क्लच २१ ला पकडतो, कमाल ३८. भाचीला ३८ हा आकडा आवडला, मला ४४.

रविवार, १६ फेब्रुवारी

६० चं बसवलं. चेनला सहा कड्या जोडल्या, इंजिन आसाकडे चार-एक मिमी सरकवलं. कड्यांची संख्या सम राहिली, त्यामुळे अर्धी कडी लावावी लागली नाही. अर्धी कडी ही चेनमधली सगळ्यात कमकुवत जागा.

क्लच अजून तापतो, पण निळा पडत नाही. भाचीला एक सवय लावली: उभं असताना अर्धा गॅस देऊन गुरगुरायचं नाही. एकतर पाय पूर्ण सोड, नाहीतर निघ.

रविवार, २३ फेब्रुवारी

साधारण चार तास चाललेली कार्ट उघडून पाहिली. चेनची ढील १० वरून २२ मिमी झाली होती, नवी चेन सुरुवातीला वाढतेच. उजव्या टाय रॉडचा चेक नट सैल, त्या जागी नायलॉनचा लॉक नट. इंजिनाचे दोन बोल्ट पाव फेरी आवळले गेले. बारक्या भेगा पाहायला वेल्डिंगवरून खडू फिरवून पुसला: एकही नाही, आसाच्या उजव्या ब्रॅकेटशीसुद्धा, जिथे मला भीती होती. ब्रेकचं अस्तर समान झिजतंय.

भाची आता खडूच्या रेघेवर पुढचं चाक नेमकं आणून थांबवते. मी अजून एकदाही चालवलेली नाही. आज पेडल शेवटच्या भोकापर्यंत पुढे सरकवून बसलो. उजवा गुडघा तरी लागतोच.